धिंगाणा कुणाच्या नावावर टाकायचा? आमच्या भागातल्या बातमीवाल्यांना खुलं पत्र

समस्त वार्ताहर, उपसंपादक, पोर्टलवाले, यूट्यूब चॅनलवाले आणि नावात 'ब्रेकिंग' असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन दादा-ताईंनो,

रामराम.

मी कळंबचा. स्टँडजवळ माझं मेडिकल आहे. सकाळी शटर वर केलं की काउंटरवर पेपर पडलेले असतात आणि मोबाईलवर तुमचे ग्रुप टिंगटिंग करत असतात, त्यामुळं गिऱ्हाईक नसलं की मी तुमचे मथळेच वाचत बसतो, इतका इमानदार वाचक तुम्हाला शोधून सापडायचा नाही, म्हणून हक्कानं लिहायलोय. तक्रार एकच आहे पण लई दिवसांची तुंबलेली आहे, पत्र लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

तुमच्याकडं धिंगाणा, धुमाकूळ, थैमान, हैदोस, उच्छाद, उन्माद, माथेफिरू, पिसाळलेला असे दहा-पंधरा शब्द आहेत. ते तुम्ही काय घडलं ते बघून वापरत नाही, कुणी केलं ते बघून वापरता. बस, एवढंच म्हणणं आहे. आता उदाहरणं घ्या.

एक बिबट्या कुणाच्या तरी बांधावरून चालत गेला आणि उसात शिरला. शेतातल्या सीसीटीव्हीत त्याची पाठ आणि शेपूट दिसली. दुसऱ्या दिवशी मथळा, "बिबट्याचा धुमाकूळ, नागरिक भयभीत". अहो धुमाकूळ घातला म्हणजे त्यानं काय केलं? शेळी नेली का, वासरू नेलं का, कुणाच्या अंगावर आला का? बातमीत खाली कुठंच काही नाही, एक जनावर रस्त्यानं गेलं एवढंच. उद्या मी संध्याकाळी फिरायला निघालो तर माझाही धुमाकूळच म्हणावा लागंल.

घरात बोलताना आपण या शब्दांची अशी गल्लत कधीच करत नाही बरं का. लेकरं पलंगावर उड्या मारायलीत, उशा फेकायलीत, तो धिंगाणा. त्यात कुणाचं वाईट नसतं, आवाज असतो आणि अंग असतं. तीच लेकरं स्वयंपाकघरात शिरून पिठाची परात पालथी करतात तवा धुडगूस, म्हंजे वस्तू जागची हलली पाहिजे, काहीतरी सांडलं-मोडलं पाहिजे. रोज दुपारी तुमचा डोळा लागला की दाराची कडी वाजवून पळतात तो उच्छाद, एकदाच केलं तर त्याला उच्छाद म्हणत नाहीत, माणूस बेजार व्हायला पाहिजे. धुमाकुळाला फिरती लागते, आज या माळवदावरचे पापड उद्या त्या गच्चीवरच्या शेंगा, एका जागी बसून धुमाकूळ घालता येत नाही. बेफाम हे वेगाचं, बेताल हे बोलण्याचं. हैदोस मात्र लेकरांना कुणी म्हणत नाही, हैदोस घालणाऱ्याला खात्री असते की आपलं कोण काय वाकडं करतंय. आणि चेकाळणं हा तर मला सगळ्यात हुशार शब्द वाटतो, कारण एकटा माणूस चेकाळत नाही, पाठीमागून कुणीतरी हवा द्यावी लागते, म्हणून चेकाळलेलं पोरगं दिसलं की आधी आजूबाजूला हसणारे चार जण शोधायचे.

नुसत्या आवाजाला आमच्याकडं कालवा म्हणतात. "काय कालवा लावलाय रे" असं ओरडलं की पुण्याच्या पाहुण्याला वाटतं जायकवाडीचं पाणी आलं. ते असो.

माज हा शब्द तर जपूनच. म्हैस माजावर आली असं म्हटलं तर त्यात शिवी काहीच नाही, मालक डॉक्टरला फोन लावतो आणि कामाला लागतो. माणसाला म्हटलं की शिवी. आणि कुणी गाडी घेतली, घर बांधलं, पोराचं लग्न थाटात केलं की "लई माजलेत" कुणाला म्हणायचं याची यादी आपल्या गावागावात जातीनं ठरलेली आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही पण त्याच गावात वाढलाव. पेपरात तो शब्द सरळ येत नाही, मान्य. तिथं तो 'मुजोरी' होऊन येतो. रिक्षावाल्यांची मुजोरी, हातगाडेवाल्यांची मुजोरी. बिल्डरची मुजोरी मी अजून तरी वाचली नाही, वाचली असती तर कात्रण ठेवलं असतं.

आता थैमान. हा शब्द बिनतोंडाचा आहे. साथ थैमान घालते, वादळ घालतं, दुष्काळ घालतो. तुम्हाला तो इतका का आवडतो ते मला आत्ता आत्ता समजायलंय. थैमान लिहिलं की विचारायला कुणीच उरत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. भूम-परंड्यात लोकं पाण्यात अडकली, हेलिकॉप्टर आणावं लागलं, सीना नदीच्या काठची रानं खरवडून गेली, वरची काळी माती गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला, उभं सोयाबीन पाण्यात कुजलं. तिथं थैमान शब्द शोभतो, मी नाही म्हणतच नाही. पण पाऊस गेल्यावर सुद्धा तुम्ही थैमानातच अडकून बसलात. जिथं ओढा होता तिथं प्लॉटिंग कधी झालं, पुलाखाली किती नळे टाकले होते आणि ते कशानं तुंबले, पाणी सोडायच्या आधी खालच्या गावाला निरोप गेला होता का, हे ज्यांनी विचारलं ते थोडे, बाकीच्यांनी ड्रोनचा व्हिडिओ लावला, खाली थैमान, वर रडकं म्युझिक.

डेंग्यूचं पण तसंच. दरवर्षी पोळ्याच्या आसपास "डेंग्यूचे थैमान" ठरलेलं. माझा धंदाच औषधाचा, म्हणून जरा सांगतो. डेंग्यूचा डास घाणीत होत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, चावतो दिवसा, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आता आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसानं येतं? आठ दिवसानं, दहा दिवसानं, उन्हाळ्यात तर विचारूच नका, २०१६ ला लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती. मग माणूस काय करणार, टाक्या, बॅरल, रांजण, हंडे, जे दिसंल ते भरून ठेवणार, आणि पुढचं पाणी येईस्तोवर ते उपसणार नाही, कारण ओतून द्यायला जीव होत नाही. डासाला पाहिजे तेवढे दिवस आपण बरोबर देतो. मग थैमान डासानं घातलं का नळानं? पण नळानं थैमान घातलं असं लिहिलं की नगरपालिकेत जाऊन बसावं लागतं, आणि डासाचा मात्र कुणी प्रवक्ता नसतो.

जनावरांवर तर तुम्ही लई अन्याय केलाय. माजलगाव तालुक्यातलं लवूळ आठवा, डिसेंबर २०२१. वानरांनी कुत्र्याची पिल्लं मारली म्हणून बातमी सुटली, अडीचशे पिल्लं असा आकडा फिरला, आधी कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं होतं त्याचा हा सूड अशी ष्टोरी झाली, मग सूडाचं गँगवॉर झालं, ते गँगवॉर दिल्ली-मुंबईच्या चॅनलवर गेलं, तिथून परदेशात, आणि आपल्या बीड जिल्ह्याचं नाव जगात निघालं ते मीममधून. जाणकार सांगत होते की वानर पिल्लू उचलून झाडावर, पत्र्यावर नेतं, ते तिथं उपाशी राहतं नाहीतर खाली पडतं, त्यात सूडबीड काही नसतं. शेवटी वन विभागानं दोन वानरं पकडून नेली. दोन! एवढ्या मोठ्या युद्धाची अख्खी वानरसेना पिंजऱ्यात मावली. हसू येतं खरं, पण त्या गावातल्या माणसाला तवा हसू येत नव्हतं, वानर माळवदावर दिसलं की लोकं लेकरांना घरात घेत होते, आणि त्या भीतीत तुमच्या मथळ्यांचा वाटा किती होता ते तुम्हीच मोजा.

पिसाळलेला कुत्रा हा मात्र हसण्याचा विषय नाही. इथं तुमच्या शब्दानं माणूस मरू शकतो. कुत्रा चार जणांना चावला की तुम्ही लिहिता, "पिसाळलेल्या कुत्र्याचा धुमाकूळ". तो पिसाळलेला होता हे कसं कळलं? रेबीज पक्का कळतो तो कुत्रं मेल्यावर मेंदूची तपासणी झाली तर, आणि आपल्याकडं ती कितीदा होते? बरं, धावतो, भुंकतो, दिसंल त्याला चावतो, लाळ गळते, तोच कुत्रा पिसाळलेला अशी लोकांची समजूत तुम्ही पक्की करून टाकलीय. रेबीजचा दुसरा प्रकार असतो त्यात जनावर गपगार पडून राहतं, मागचे पाय ओढतं, जबडा लोंबतो, खाणं सोडतं. माणूस मायेनं जवळ जातो, "घशात हाड अडकलं असंल" म्हणून तोंडात हात घालतो. तो हात लाळेनं भरला तरी बाई-बाप्या इंजेक्शनला येत नाहीत, का, तर कुत्रं 'पिसाळलेलं' नव्हतं की ओ.

माझ्या काउंटरवर लोकं चावलेल्या जागी हळद भरून येतात, चुना लावून येतात, मिरचीची पूड दाबून येतात. तुमच्या त्या धुमाकुळाच्या बातमीत शेवटी दोन ओळी टाका ना भाऊ. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथं फुकट आहे. रक्त निघालं असंल तर लशीसोबत जखमेत सिरम पण लागतं, ते विचारायचं. सगळे डोस पुरे करायचे, दोन घेऊन "बरं वाटायलंय" म्हणून सोडायचे नाहीत. कारण एकदा लक्षणं दिसली की या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. धुमाकूळ छापायला जागा आहे, याला नाही?

आता खरं दुखणं सांगतो.

एक पोरगं आहे. नाव, गाव काही सांगणार नाही. त्याची माय महिन्याच्या महिन्याला डॉक्टरची चिठ्ठी घेऊन माझ्याकडं येते, गोळ्या नेते. गोळ्यावर असलं की ते पोरगं तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणं, कामाला जातं, उधारी ठेवत नाही. मधी एका लग्नात कुण्या पाव्हण्यानं अक्कल दिली की या गोळ्यांनी पोरगा थंड पडतो, बंद करा. बंद केल्या. पुढं काय झालं ते माझ्या दुकानातून दिसत होतं. रात्र-रात्र झोप नाही, बोलण्याला खळ नाही, आणि एका सकाळी ते स्टँडवर फलाटासमोर उभं, शर्ट काढलेला, हात हलवून गाड्या लावून घ्यायलंय, "या, या, अजून, बास!" आणि प्रत्येक प्रवाशाला सांगायलंय, "आज यष्टी फुकट आहे, बसा, कुठं पण जा, मी सांगितलंय त्यांला." कुणाला हात लावला नाही. काही फोडलं नाही. एका कंडक्टरनं डोकं चालवलं, खांद्यावर हात टाकला, "चला साहेब, आधी चहा, मग गाडी सोडू", आणि ते पोरगं निमूट त्याच्यासंगं कँटीनकडं गेलं. तवर एकानं मोबाईल काढला होताच.

मथळा: "बसस्थानकात मनोरुग्णाचा धिंगाणा, प्रवाशांत घबराट".

व्हिडिओ नीट बघा. प्रवासी हसायलेत. घबराट एकाच माणसाच्या तोंडावर आहे, डाव्या कोपऱ्यात त्याची माय उभी आहे, हातात त्याचा शर्ट धरून, आणि तिला कळंना झालंय की आधी पोराकडं जावं का त्या मोबाईलवाल्याचा हात धरावा. चेहरा झाकलेला नाही. खाली कमेंटात लोकांनी गाव ओळखलं, आडनाव ओळखलं, "ह्यांच्या घराण्यातच आहे" इथपर्यंत गाडी गेली. त्या महिन्यापासून माय गोळ्या न्यायला भर दुपारी येते, स्टँड सामसूम असताना, आणि पुडी पदराखाली धरून जाते.

या आजाराला इंग्रजीत मेनिया म्हणतात आणि त्याचं मराठी पुस्तकी नाव आहे उन्माद. बघा म्हंजे, ज्याला खरंच उन्माद झाला त्याला तुम्ही धिंगाणा लिहिलात, आणि उन्माद हा शब्द ठेवलात विरोधी पार्टीच्या कार्यकर्त्यांसाठी. शुगर चारशेवर जाऊन चक्कर आलेल्या माणसाचा व्हिडिओ तुम्ही "मधुमेह्याचा धिंगाणा" म्हणून टाकता का?

कायदा पण आहे बरं का. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चा. उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा आजाराची माहिती त्याच्या परवानगीशिवाय माध्यमांना देता येत नाही. असा माणूस रस्त्यावर भटकताना सापडला, त्याला स्वतःची काळजी घेता येईना असं दिसलं, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं आणि चोवीस तासाच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमधी टाकायचं नाही. त्या दिवशी कुणी पोलिसाला हे विचारलं का? उलट तुम्ही पोलिसांनी "मुसक्या आवळल्या" असं लिहिता.

आणि खरी बातमी तर याच्यापण खाली दबलेली आहे. राज्यात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं किती वर्षं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात एकही नाही. जालन्याला मंजूर झालं म्हणून तुम्हीच छापलं, त्याची वीट कुठवर आली ते छापा की आता. घरात असा पेशंट असलेल्या माणसाला इथून येरवड्याला न्यायचं म्हंजे किती गाडीभाडं, किती रोज बुडाले, रस्त्यात त्याला कोण धरून बसणार, याची एक बातमी करा, मी तिचे शंभर झेरॉक्स काढून वाटतो. मनाच्या आजारासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ हा नंबर, फुकट, मराठीत बोलतात. मी काउंटरवर चिकटवलाय. तुमच्या एकाही धिंगाण्याच्या बातमीखाली तो मला दिसला नाही.

आता कुणी म्हणंल, आपल्याकडच्या लोकांना वेड म्हटलं की हसूच येतं, पेपरवाले तरी काय करणार. तर तसं नाही. आपल्याच तालुक्यात येरमाळ्याला आई बसलीय, येडेश्वरी, लोकं तिला येडाई म्हणतात. कथा अशी सांगतात की रामाची परीक्षा बघायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली, रामानं ओळखलं आणि म्हणाला, आई, तू वेडी आहेस का. ते वेड तिनं नावातच घेतलं. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला लाखांनी माणूस जमतो, चुन्याचे खडे वेचायला, आणि त्या गर्दीत अंग घुमणाऱ्या बाया असतात, केस सुटलेले, कपाळ मळवटानं भरलेलं, आणि बाजूच्या अनोळखी बाया त्यांना धरून असतात, पडू देत नाहीत, पदर सावरतात, पाणी पाजतात. त्याला वारं येणं म्हणतात, अंगात येणं म्हणतात. त्याच्या खरेखोटेपणावर मी दुसरं पत्र लिहू शकतो, मला ते पटत नाही, पण त्या बाईचा धिंगाणा झाला असं त्या गर्दीत एक माणूस म्हणत नाही.

हीच बाई घरात घुमली, भुंकल्यासारखा आवाज काढला, तर मात्र आपल्या भागात एक शब्द तयार असायचा, भानामती. लातूर-नांदेड-बीदरच्या पट्ट्यानं त्या शब्दापायी काय काय बघितलंय, एकीच्या अंगात आलं म्हणून गल्लीतल्या दुसरीवर आळ, तिला मारहाण, तिला गावाबाहेर काढणं. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगाव फिरून ते उकललं, बहुतेकदा खाली सासुरवास, मारझोड, न बोललेलं दुःख निघायचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला त्याच्यानंतर त्या सालात जादूटोणाविरोधी कायदा झाला, भूत उतरवायच्या नावाखाली कुणाला मारणं-बांधणं त्यात गुन्हा आहे. तरी अजून पोर्टलवर "भानामतीचा प्रकार, गावात खळबळ" असं येतंच, अवतरणचिन्ह सुद्धा न लावता.

गोंधळ शब्दाची पण दया येते मला. आपली तुळजापूरची आई, माहूरची आई, लग्नानंतर घरात तिचा गोंधळ घालायचा. त्याच्याइतकं शिस्तीचं काम नाही हो. चौक मांडायचा, कलश ठेवायचा, दिवटी पेटवायची, संबळ आणि तुणतुणं लागलं की एकेका ठिकाणच्या देवाला नाव घेऊन बोलवायचं, मग आख्यान, मग आरती, सगळं ठरल्या क्रमानं, रात्रभर. आणि पेपरात रोज "सभेत गोंधळ", "परीक्षा केंद्रावर गोंधळ". हा बदल तुम्ही केला नाही, तो शब्द आधीच घसरलेला आहे, त्याला आता वर कुणी काढू शकत नाही. पण एखाद्या गोंधळ्याला विचारा त्याला काय वाटतं, चांगली मुलाखत होईल.

बेभानाचं घ्या. तेर इथून जवळच, गोरोबाकाकांचं गाव. माती तुडवता तुडवता भजनात भान हरपलं आणि पोटचं लेकरू पायाखाली आलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सांगणाऱ्यांनी लेकरू लपवलं नाही आणि बापाला माथेफिरू पण केलं नाही. दोन्ही एकाच कथेत ठेवलं. आज तुमच्या हाती ही बातमी लागली तर काय मथळा होईल ते मनातच म्हणून बघा, मी लिहीत नाही.

तर हे झालं गरिबाचं, येड्याचं, जनावराचं आणि डासाचं. आता दुसरी बाजू. कुण्या मोठ्या माणसाचा वाढदिवस. चौकात स्टेज, तलवारीनं केक, दोन्हीकडं जेसीबी लावून त्याच्या फावड्यातून फुलं उधळायलेत, रस्ता तीन तास बंद, ॲम्ब्युलन्स गल्लीतून फिरवून काढली. डीजे असा की माझ्या दुकानात काचेच्या रॅकमधल्या खोकल्याच्या बाटल्या हळूहळू सरकत कडेला येतात, एक पोरगा तिथं हात लावून उभाच करावा लागतो. नियम २००० सालापासून आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल. त्याच्यापेक्षा आमच्या जुन्या मिक्सरचा आवाज सुद्धा जास्त असंल. दुसऱ्या दिवशी मथळा काय? "अभूतपूर्व जल्लोष". "तरुणाई थिरकली". "जेसीबीतून पुष्पवृष्टी". थिरकली! मिरवणूक कुणाचीही असो, वाढदिवसाची असो, निवडून आल्याची असो, पैसेवाल्याची असली की थिरकणं, आणि त्याच डीजेसमोर वीटभट्टीवरची चार पोरं पिऊन नाचली की "तळीरामांचा धिंगाणा". तीच गाणी, तोच रस्ता, दारू पण बहुतेक त्याच साहेबांची. घरात मी जी मापं सांगितली त्यानं मोजलं तर तो जल्लोष सरळ हैदोसात बसतो, कारण खात्री, कोण काय वाकडं करतंय याची.

आणि सैराट. मोकळं सुटलेलं, लगाम नसलेलं, असा गोड शब्द होता तो. २०१६ साली त्या नावाचा सिनेमा आला, चालला, ठीक. आता बापानं-भावानं पोरीचा खून केला की तुम्ही लिहिता "सैराटची पुनरावृत्ती", "तालुक्यात सैराट". अरे दादा, सैराट ती जीव लावून पळालेली दोघं होती. कोयता घेऊन आलेला माणूस सैराट नसतो, तो दिवस ठरवून, पत्ता काढून, शांत डोक्यानं आलेला असतो. त्याला खुनी म्हणा. मराठीत शब्द आहे.

मला काय पाहिजे ते आता सांगतो, लई मोठं काही मागत नाही. असला शब्द लिहायच्या आधी त्याच्या खाली एक ओळ लिहून बघा, काय मोडलं, कुणाला लागलं, किती वेळ चाललं. ती ओळ लिहिता आली तर खुशाल धुडगूस लिहा, हैदोस लिहा, मी टाळ्या वाजवीन. नाही लिहिता आली तर "बिबट्या दिसला" एवढ्यावर थांबा, लोकं तेवढं पण वाचतात, बिबट्या आहे म्हटल्यावर कोण वाचणार नाही.

बाकी एक पर्सनल. दिवाळीला तुमचा माणूस पावती पुस्तक घेऊन शुभेच्छांच्या जाहिरातीसाठी येतो, दरवर्षी मी चौकट घेतो, यंदा पण घेईन. पण स्टँडवरचा तो व्हिडिओ अजून तुमच्या पेजवर आहे, मी आज सकाळीच बघितला, चेहरा उघडाच आहे. माणूस आला की मी आधी त्याच्याच मोबाईलवर ते पेज उघडायला लावणार आहे. व्हिडिओ गेलेला असला तर चहा आणि चेक. असला तर नुसता चहा.

आपला,
एक मेडिकलवाला
कळंब, जि. धाराशिव